चादरीतला यूपीएस

अरे, अकलूजच्या एका डेअरीत यूपीएस बघायला मी गेले, तर मालक अण्णा म्हणाले, “ताई, आधी दोघं येऊन गेले. नवी बॅटरी घातली तरी फुगते. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद!”

टेबलाखाली वाकले, तर यूपीएसवर चक्क सोलापुरी चादर, चारी बाजूंनी खोचलेली!

“धूळ बसाय नको म्हणून. लई जपतो की आमी!”

“जपताय कुठलं अण्णा, उकडून मारताय त्याला! उष्णतेनंच बॅटरी फुगते.”

चादर काढली, बॅटरी बदलली आणि मेन स्विच पाडला. कॉम्प्युटर चालूच!

अण्णांनी तीच चादर झटकून सगळ्या दूधवाल्यांसमोर माझ्या खांद्यावर घातली.

बॅटरी अजून ठणठणीत आहे. चादर माझ्या दुकानात, भिंतीवर. डिप्लोम्याच्या सर्टिफिकेटच्या वर!