चप्पल, कांदा आणि खैरनारकाका

…आणि चप्पल तरी कुणाची? खैरनारकाकांची! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हो. पार्किंगमध्ये मिटिंग चालली होती, मी उभी राहून विचारत होते, "काका, तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही? मोटर जळली की तुम्ही—" आणि नेमकी तिथेच मला फीट आली. डोळे उघडते तर नाकाला चप्पल, हातात कुणाच्या तरी स्कूटरची किल्ली आणि खालच्या लताबाई कांदा फोडून समोर! त्यांच्या विंचूरच्या भावाने गोणी टाकलेली, कांद्याला काय तोटा? अहो, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, थांबा जरा… डॉक्टर तेवढंच सांगतात. पण नाही, कांदा!

तोवर काकांनी मिटिंगच गुंडाळली. "संजनाताईंना टेन्शन आलं. पाण्याचा विषय आता काढायचा नाही." म्हणजे बघा! फीट येते हो मला, अक्कल जात नाही!

तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवसापासून इंदिरानगरात माझ्याशी कुणी बोलेचना. बोलायचे ते नवऱ्याशी. मी त्याच्या शेजारी उभी, हातात भाजीची पिशवी, आणि लताबाई त्याला विचारतात, "रविराज, ती जेवते का रे नीट? बिचारी… काय ते आयुष्य!" काय ते आयुष्य म्हणजे? आमच्या टाइल्सच्या दुकानाचा अख्खा हिशोब मी बघते, पुरणपोळी माझी फाटत नाही, गोळ्या वेळेवर घेते, दोन वर्षांत ही पहिली फीट. बरं, लताबाईंचे गुडघे रोज दुखतात, त्यांना कुणी म्हणतं का, काय ते आयुष्य? फीट येते हो मला, अक्कल जात नाही!

मग मीही ठरवलं. सेक्रेटरीच्या निवडणुकीला उभी राहिले. रविराज म्हणाला, "कशाला उगाच? लोक काय म्हणतील…" मी म्हटलं, "लोक तुलाच म्हणतात ना? मग तू ऐक!" रात्री हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं, तू पडलीस की." तेव्हा मात्र मला भांडता येईना. म्हटलं, "पडले तर कुशीवर वळव. पण उभी तर राहू दे."

अशी तयारी केली म्हणून सांगू! काका काय बोलतील, मी काय उत्तर देईन, आरशासमोर सगळं भांडून घेतलं. मिटिंगला गेले, पदर खोचला, तोंड उघडलं, तर काकाच उठले, "माझा अर्ज मागे. ताईंना त्रास नको!" सगळ्यांचे हात वर. बिनविरोध! अहो, मतं द्या नाहीतर पाडा, पण दया कसली करता? फीट येते हो मला, अक्कल जात नाही!

मोटर नवी बसवली, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं. मग म्हटलं, आता मुद्दामच बघते, कुणी माझ्याशी भांडतं का. पुढच्या मिटिंगला उठून जाहीर केलं, "मेंटेनन्स वाढणार!" आणि थांबले. आता कोणीतरी ओरडेल, कोणीतरी खुर्ची सरकवेल, कोणीतरी माझा बाप काढेल…

टाळ्या वाजवल्या हो मेल्यांनी!


काय करणार… वाढवला.