एकालाच जागा

वाफेच्या जुन्या इंजिनावर चढून फेरी मारायच्या रांगेत माझ्यापुढे रेल्वेतले एक निवृत्त फायरमन आणि त्यांची बायको होती.

"नवरीसारखं नटवलंय नुसतं! आणि ड्रायव्हरचे हातमोजे बघ, पांढरे!"

"तुमचे कपडे घासून माझे हात काळे व्हायचे, तेवढं आठवतंय."

"निम्मा कोळसा सांडतोय. फावडं धरता येत नाही त्या फायरमन पोराला."

"मग शिकवा जाऊन. तीस वर्षं दुसरं केलंत काय?"

"आजोबा, वर एकालाच जागा आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"मी जाते," म्हणत बाई दांडा धरून चढल्या. भट्टीचं दार उघडलं, तशा मागे सरकल्या.

"अहो, एवढी धग?"

"ही कसली धग! भरधाव गाडीत बघायची होतीस."

"आणि घरी येऊन चहा गार झाला म्हणून माझ्यावर ओरडायचात होय!"