छत्तीस टक्क्यांचा पाय

—नाय, तसं नको लिहू, बाय. ‘लाभार्थी’ काय, ‘कुटुंबप्रमुख’ काय — अशानं माणूस कळतो का? लिहायचंच तर मी सांगते तसं लिही. पेठच्या डोंगरात एक होता झिपरू, त्याची बायको भागी, त्यांचा एकुलता लेक मनोज, मनोजची बायको आशा, आणि त्या दोघांच्या पोटची एक पोर, मैना, जिचा डावा पाय देवानं आत वळवूनच धाडला होता. झालं. एवढीच माणसं. झिपरू गेला, भात झोडता झोडता छातीत कळ आली नि गेला, म्हणजे उरलो चार. भागी म्हणजे मीच, ते तुला कळलंच असेल. बस ना नीट. खुर्ची हलते, पण पाडत नाय कुणाला. आणि दार लोटून घे — का म्हणजे? शेजारणींना कान लय. इंदिरानगर म्हटलं की लोकांना बंगले दिसतात. बंगल्यांच्या मागं आमच्यासारख्यांच्या खोल्या पण हायत की, एक बाहेरची, एक आतली, भाड्याच्या.

मैना आत हाय. झोपली. नंतर बघ. नंतर.

तू योगिनी, कॉलेजातून आलीस — बघ, एकदाच नाव सांगितलंस, धरून ठेवलं. मला अक्षर येत नाय म्हणून डोक्यातलं काही सांडत नाय. तू म्हणालीस, आजी, लंगड्या-आंधळ्यांसाठी शेजारचे देश काय करतात आणि आपण काय करतो, ते एकापुढं एक मांडायचंय. मंग मला तू सांगितलंस ते सगळं पाठ झालंय, परीक्षा घे पाहिजे तर. बांगलादेशात त्यांच्या कार्डावर ‘सुवर्ण नागरिक’ छापतात — सोन्याचा माणूस! आमच्याकडं सोन्याचं काही दिसलं की आधी कुणीतरी झाकून ठेवतं, पण असो — पाकिस्तानात ओळखपत्रावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. आणि नेपाळात चार रंग, लाल, निळा, पिवळा, पांढरा. लाल म्हणजे पुरतं अधू, पांढरा म्हणजे थोडंसं. हे नेपाळचं मात्र तुझ्या आधीच ठाऊक होतं मला. समोरच्या सोसायटीचा वॉचमन तिथला. सगळे त्याला बहादूर म्हणून हाका मारतात, नाव त्याचं तिलक. कुणी विचारलंच नाय कधी, मी विचारलं. त्याच्या पोरीचा पाय असाच, डावाच, आतच वळलेला. फोनमधला फोटो दाखवला तर मी म्हटलं, अरे, ही आमची मैना तुझ्या गावाला कधी गेली? हसला. म्हणे, आजी, हिला कार्ड हाय, पांढरं. थोडं अधू असलं तरी सरकार म्हणतं, हो बाई, तू हायस.

आणि आपल्याकडं? चाळीस. चाळीस टक्के. त्याच्या खाली असलीस तर कागद देतात, पण त्या कागदाला कुणी दारात उभं करत नाय. तुला म्हणून सांगते, मला आधी टक्के म्हणजे काय तेच कळंना. पाय तर एक. एक पाय चाळीस कसा? मंग मनोजनं सांगितलं, पायाचे शंभर भाग करायचे आणि किती बिघडले ते मोजायचे. मी म्हटलं, आणि जे दुरुस्त केले त्यांचं काय? लिही हे, हे महत्त्वाचं हाय — जे दुरुस्त केले त्यांचं काय.

कारण दुरुस्त मी केला होता. मी सुईण. पेठच्या आजूबाजूच्या पाड्यांवर विचार, भागीबाय म्हटलं की रस्ता दाखवतील. दवाखाना लांब, पावसात नदी आडवी, पोरं माझ्याच हातात आली. मैना जन्मली तवा पाय असा — माझ्या हाताकडं बघ — असा, तळवा आभाळाकडं. आशा रडायला लागली, मी म्हटलं, रडायचं नाय, ओलं मडकं हाय हे, अजून आकार देता येतो. खुरासणीचं तेल कोमट करायचं, रोज दोन वेळा चोळायचं, जुन्या लुगड्याची पट्टी, बांधायचं, सोडायचं, परत चोळायचं. वर्षभर. एक दिवस चुकवला नाय. झिपरू म्हणायचा, भागे, त्या पोरीच्या पायाला तू चुलीपेक्षा जास्त हात लावतेस. चौदाव्या महिन्यात पोर चालली. थोडी झुकून, एक पाऊल पुरतं नि एक अर्धं, पण चालली! डोंगर चढायची, करवंदांना जायची, मोहाची फुलं येचायची, शाळेत कवायतीला उभी राहायची. त्या पायाचा मला — कसं सांगू — लोक सोन्याचा डाग-दागिना बाळगतात ना, तसा मी तो पाय बाळगला.

मंग आम्ही खाली आलो. आधी द्राक्षबागांत, मंग मनोजला ओझरकडं कंत्राटावर काम लागलं, इथं भाड्यानं राहायला लागलो. तिथं कुणीतरी त्याच्या कानात घातलं, घरांची सोडत निघणार हाय, अपंगांच्या कोट्यात अर्ज थोडे, तुझी पोरगी हाय ना तशी, नंबर लागलाच समज. स्वतःचं घर, बाय! आम्ही पाच वर्षांत सहा खोल्या बदलल्या. दर वेळी मालकीण म्हणणार, तुमच्याकडं पाव्हणे लय येतात, तुमच्या चुलीचा वास येतो. मनोज म्हणाला, माय, यंदा हे होणार.

सरकारी दवाखान्यात टक्के मोजणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड बसतं, तिथं गेलो. मैना पंधराची, दहावीला. आशानं तिला नवा ड्रेस घातला, वेणी घातली, जसं काही बघायला येणार हायत. डॉक्टर चांगला होता, तरणा. म्हणाला, चाल बघू बाळा. आणि चालली की आमची! हौसेनं चालली. कुणी बघतंय म्हटल्यावर पोर लय नीट चालली, आयुष्यात चालली नाय तशी. डॉक्टरनं घोटा धरून फिरवून बघितला, म्हणाला, लहानपणी कुणीतरी छान बसवलाय हो, ऑपरेशन कुठं केलंत? आणि मी — मी, बाय, पदर सावरून पुढं झाले. म्हटलं, ऑपरेशन नाय, मी. या हातांनी. तो म्हणाला, कमाल केलीत आजी. आणि लिहिलं, छत्तीस.

घराजवळ आल्यावर आशा म्हणाली, “आत्याबाई, चार टक्के तुमच्या तेलानं खाल्ले.” हसत म्हणाली हां. ती हसली की मला भीती वाटते. मनोज दोन दिवस मी वाढलेलं ताट सरकवून उठायचा. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, माय, तू जसा सरळ केलास, तसा… तिथंच थांबला. मी म्हटलं, तसा काय? तो म्हणाला, काय नाय. चार टक्केच तर.

कळलं नाय असं दाखवलं मी. कळलं होतं. पोटातलं पोर आडवं हाय की उभं ते हात लावून सांगणारी बाई मी, मला नाय कळणार?

—लिहितेस काय तू? हे पण लिहितेस? बरं. लिही. नाव मात्र बदल.

चार महिने, बाय. शाळेत कळवलं, पोर आजारी. मैनाला सांगितलं, औषध हाय, जुन्या पायाला नवं औषध. ती माझ्याकडं बघायची. तिला ठाऊक होतं ना माझं औषध कसं असतं — चोळते, मंग बांधते, मंग सोडते. आता मी फक्त बांधायची, आत वळवून. “आजी, सोडायची येळ झाली.” म्हणायची. मी म्हणायची, झाली नाय अजून. “आजी, माझं काय चुकलं?” तेवढं एकदाच म्हणाली. दहावीची परीक्षा बुडाली. बैल पावसाळाभर दावणीला राहिला तर त्याचा पाय आखडतो, सोडल्यावर शेतात चार दिवस फिरला की मोकळा होतो — मी मनाशी हेच धरून चालले होते. चार दिवस फिरेल, होईल मोकळी. दुसऱ्यांदा बोर्ड बसलं तवा डॉक्टर दुसरा, वयस्क. चाल म्हणाला. उभंच राहता आलं नाय. अठ्ठावन्न. आपल्याकडचं, चाळीसच्या वरचं पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं, मनोजनं देवासमोर ठेवलं, आशानं शिरा केला. मी पट्टी सोडली. चार दिवस झाले. चाळीस झाले. टाच जमिनीला टेकंना.

तू पाणी पी. तुझा चेहरा उतरला.

आणि नंबर लागला! लागला, खरंच लागला, कोट्यात लागला, मनोज फोन घेऊन रस्त्यावर नाचला. त्या तिलकला पेढा दिला. त्यानं विचारलं, आजी, पांढऱ्या कार्डावर आमच्याकडं महिन्याचं काही मिळत नाय, मिळतं ते लाल आणि निळ्याला. तुम्ही कसं केलं? — बघ, तिथं पण पायऱ्या हायतच ना. तुम्ही लोक म्हणता, या देशात असं, त्या देशात तसं. रंग वेगळे, आकडे वेगळे, पण खालच्या पायरीवरचा माणूस सगळीकडं वरच्या नाय, अजून खालच्या पायरीकडं बघतो — कारण वाढणारे त्याच पायरीवर वाढतात. मी सांगायला नको होतं त्याला. पण त्यानं आजी म्हटलं. आणि मला सुईण म्हणून कुणी किती वर्षांत काही विचारलं नव्हतं. सांगितलं. सगळं सांगितलं, हातानं करून दाखवलं. रजा टाकून गावाला गेला. मागच्या पंधरवड्यात त्यानं फोटो दाखवला, निळं कार्ड. मी म्हटलं, आणि पोर? फोटोत कार्डच होतं. पोर नव्हती.

परवा पेठहून पण दोघी आल्या होत्या. एकीच्या कडेवर दीड वर्षाचं. म्हणे, भागीबाय, कार्ड मिळायला तुझ्या हाताला गुण हाय असं ऐकलं. — कुणी सांगितलं त्यांना? मी नाय सांगितलं. मी त्यांना चहा दिला आणि… ते राहू दे.

माझं सांगते. नंबर लागल्यावर मी परत तेल लावायला लागले. चोरून. दुपारी आशा धुण्याभांड्यांना जाते, मनोज ओझरला, तेवढ्यात. खुरासणीचं तेल गावाकडनं मागवलं. सोळाव्या वर्षाचं हाड, बाय, ते मडकं आता भाजून झालेलं, पण मी चोळलं, रोज चोळलं. आणि गेल्या गुरुवारी टाच टेकली. भिंतीला धरून उभी राहिली, पुरती, आणि हसली. आवाज न करता हसली. तिला ठाऊक होतं शेजारी ऐकतात. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. नातीच्या पायावर. तुला खोटं वाटेल.

शुक्रवारी पत्र आलं. चावी देण्याआधी कोट्यातल्या सगळ्यांची तपासणी नव्यानं, लय जणांनी खोटे दाखले केलेत म्हणे. येत्या सोमवारी. मनोजनं वाचून दाखवलं, मंग आत गेला, मैनाच्या पायाकडं बघितलं. नुसतं बघितलं. त्याला दिसलं. तेलाचा वास पण आला असेल. जुनं लुगडं कुठं हाय एवढंच विचारलं.

आता तू मला सांग, तू शिकलीस. तुझ्या त्या वहीत चार देश हायत ना. पाचवा-सहावा पण असेल. त्यात असा एखादा हाय का — बघ नीट, पानं उलट — जिथं पाय बरा झाला तरी घर जात नाय? एक तरी? लांबचा असला तरी चालेल.

नाय ना. नको उलटू आता. राहू दे.

कुठं निघालीस? बस खाली. आतल्या दाराला हात नको लावू. झोपली नाय ती, ठाऊक हाय मला, सगळं ऐकते. तुला काय वाटतं, मी जबरदस्ती करते? पहिल्या येळी रडली, तिघांनी धरली, मी मानते. पण काल सकाळी मी लुगडं घेऊन आत गेले आणि दारातच बसले. माझ्यानं होईना. तवा तिनंच पाय पुढं केला. तिनंच. म्हणाली, “आजी, बांध. बाबा नाचला होता ना रस्त्यात.” काय उत्तर हाय यावर तुझ्याकडं? लिहिलंय का कुठल्या देशात?

बांधला. आज दुसरा दिवस. सोमवारपर्यंतच.

—ही मोटारसायकल मनोजचीच. लवकर सुटला वाटतं. वही मीट. मीट म्हटलं ना. आणि कुणी विचारलं तर मी सांगते तेवढंच सांगायचं, शेवटचं: झिपरू आणि भागीच्या घराला चांगले दिवस आले. नातीच्या नावानं घर मिळालं, तळमजल्यावर, दोन खोल्या, स्वतःचा नळ, आता कुणी मालकीण उठवायला येणार नाय. देवानं दिलं. बाकीचं खोड. खोडलंस? दाखव. मला वाचता येत नाय, पण खोडलेलं कळतं.

चल, ऊठ. चपला घाल. मागच्या बोळातनं जा.