वेळेला एकटं काढ!

...आणि वर म्हणतात, त्यात घाबरायचं काय! तुम्हाला सांगतो, व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह गावच्या आमच्या शाळेत भौतिकशास्त्राच्या न्हान बाईंनी हजेरीपट उघडला की चाळीस पोरांचा श्वास बंद! कालचा धडा आज फळ्यावर कुणाला विचारायचा, हे बाई तारखेवरून ठरवायच्या. सात तारीख, सातवा नंबर. माझा अडतिसावा. महिन्यात अडतीस तारखा असतात का? नाहीत! म्हणून मी निर्धास्त... पुस्तकसुद्धा न उघडता! एकच मंत्र पाठ: बाजू बदलली की चिन्ह बदलतं!

त्या दिवशी सत्तावीस तारीख. सत्ताविसावी थुअक, आमची वर्गप्रमुख, अर्धी उठलीसुद्धा. बाई म्हणाल्या, "बस गं. आज तारखेत महिना मिळवू." महिना अकरावा! सत्तावीस आणि अकरा... अहो, अडतीस!

मी फळ्याकडे निघालो तशी थुअक फुसफुसली, "व्हिएन, या आठवड्यात वर्गानं दोन शून्यं घेतलीत. तिसरं तू घेतलंस तर सोमवारच्या झेंडावंदनाला, सगळ्या शाळेसमोर, तुलाच उभं करतील!"

फळ्यावर सूत्र: शेवटचा वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ. बाई म्हणाल्या, "वेळेला एकटं काढ." आता ती बिचारी त्वरणाला चिकटून सुखात बसलीय, तिला कशाला...? पण नाही! सुरुवातीचा वेग पलीकडे नेला. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, वजा! बरोबर! धीर आला. मग त्वरणाची मानगूट धरली. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, तेही वजा! गणितातल्या गाडीचे आकडे घातले: दहा वजा आठ वजा चार... उणे दोन सेकंद!

"व्हिएन, गाडी निघायच्या आधीच पोचली?"

"हो... हो बाई."

"कुठं मिळते रे? मलाही एक बघून ठेव." वर्गात हशा! "अरे, जो गुणायला बसलाय तो भागूनच उठवायचा! त्याला चिन्ह कसलं बदलतोस?"

बाईंनी लाल पेन उघडलं आणि मी डोळे मिटले... सोमवार दिसला, झेंडा दिसला, मुख्याध्यापकांचा कर्णा दिसला! डोळे उघडले, तर बाई फळ्याकडे बघतायत... बघतायत...

"दहापैकी दोन."

दोन! शून्य नाही! थुअकनं हुश्श करून डोकं टेकलं बाकावर. गप्प बसावं की नाही? पण मी विचारलं, "कशाबद्दल, बाई?"

"अक्षराबद्दल. इतकं सुरेख चुकलेलं गणित मी पाहिलं नव्हतं. तू कारकून होशील."

झालो ना! चौतीस वर्षं, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत!