ओरडून सांगण्यासारखं नाही

(कान तपासायची छोटी खोली. टेबलावर नवा कॉम्प्युटर, जुना राखाडी डबा, आणि दोघांना जोडणारी केबल. डब्यातून निघालेली बारीक वायर काकांच्या कानामागच्या मशीनला लावली आहे. काका बॉयलरवर फिटर होते. मावशी त्यांची बायको. या खोलीतल्या बाईंचं नाव काकांनी पहिल्याच भेटीत पाडलं : कानवाली.)

कानवाली : परत तेच. ‘उपकरण सापडलं नाही.’

मावशी : सापडलं नाही म्हणजे काय? नाकासमोर तर ठेवलंय.

कानवाली : आपल्याला दिसतंय, मावशी. कॉम्प्युटरला दिसत नाहीये.

मावशी : ही तिसरी खेप आमची. दोन बस बदलून येतो आम्ही.

कानवाली : माहीत आहे. मलाच तोंड दाखवायची लाज वाटायला लागलीय. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आला, आणि या डब्याची नऊ पिनांची केबल लावायला नव्यात जागाच नाही. म्हणून ही मधली केबल मागवली. एका टोकाला नऊ पिना, दुसऱ्या टोकाला यूएसबी. पहिली आली ती नकली निघाली. ही दुसरी.

मावशी : आणि हीसुद्धा...

कानवाली : ही चांगली आहे. दिवा लागलाय बघा.

काका : काय म्हणतेय कानवाली? झालं का?

मावशी : नाही अजून! बसा!

कानवाली : मावशी, जरा हळू. बाहेर लोक बसलेत.

मावशी : हळू बोलायची सवयच गेली गं. यांचं मशीन बिघडून वर्ष झालं, आणि त्याच्या आधीही अर्धवटच चाललं होतं. दुरुस्त होऊन आलं ते कोरंकरकरीत. आतलं सगळं पुसून आलं.

कानवाली : ते परत भरायचं तर हाच डबा लागतो. या जातीची मशीनं निघायची बंद झाली. नवं मशीन घ्या असं मी म्हटलं होतं.

मावशी : दोन आणली नवी. दोन्ही कपाटात. यांना ती आवडत नाहीत. म्हणतात, भांडी आपटल्यासारखं वाटतं. एकदा नाही म्हटलं की संपलं.

काका : ते प्लगचे दोन स्क्रू आवळलेस का? बाजूचे?

कानवाली : बसलाय तो घट्ट, काका!

काका : बसतो आणि निघतो. स्क्रू शोभेला दिलेत का?

मावशी : लक्ष देऊ नकोस. घरी कुकरचं हँडलसुद्धा महिन्याला आवळतात.

कानवाली : थांबा, सापडलं. अहो, हा कॉम्प्युटर केबलला अकरा नंबर देऊन बसलाय. आमचा प्रोग्राम जुना, त्याला चारच्या पुढे मोजता येत नाही. तो चार खोल्यांत शोधतोय आणि पाहुणा बसलाय अकराव्यात.

मावशी : मग आता?

कानवाली : नंबर बदलून दोन करते. हं. घ्या, आला रस्त्यावर.

मावशी : आला? खरंच?

कानवाली : हिरवं झालं. मुख्य आवाज आधी भरते, मग बारीकसारीक. मुख्य भरला की निम्मं काम झालं.

मावशी : आज होईल ना पण? आज व्हायलाच हवं.

कानवाली : होईल. मुख्य आवाज भरला बघा. आता उरलेलं. हे म्हातारं आहे, दहा मिनिटं घेईल. ती पिशवी टेबलावरून खाली घ्या ना, मला हात टेकायला जागा होईल.

मावशी : घेते. आता यांना ऐकू येतंय का?

कानवाली : नाही. जोडणी आहे तोवर मशीन मुकं असतं. काम झालं की मग सुरू होतं.

मावशी : अजिबात नाही?

कानवाली : अजिबात नाही. बोला तुम्ही निवांत. काका पण आज शहाण्यासारखे गप्प बसलेत.

मावशी : दमलेत. मीही दमले. खरं सांगू? इथं आल्यावर बरं वाटतं. हळू बोललेलं कुणालातरी कळतं.

कानवाली : तुम्ही सारखं आजच, आजच म्हणताय. लग्नबिग्न आहे का कुठं?

मावशी : लग्न कसलं. शुक्रवारी मला दवाखान्यात भरती व्हायचंय.

कानवाली : कशासाठी?

मावशी : छातीत गाठ आहे. वीस दिवस झाले कळून. तपासायला तुकडा काढला होता, तो चांगला नाही आला. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन.

कानवाली : मावशी... आणि काकांना?

मावशी : नाही सांगितलं.

कानवाली : वीस दिवस?

मावशी : कसं सांगू? तूच सांग. हे वाक्य ओरडून बघ एकदा. ‘अहो, मला छातीत गाठ आहे.’ पहिल्यांदा ते म्हणणार, काय? मग मी आणखी मोठ्यानं. शेजारची कपडे वाळत घालता घालता थांबणार. खालचा दुकानदार मान वर करणार. गल्लीभर दवंडी, आणि यांचं आपलं, काय म्हणालीस?

कानवाली : लिहून द्यायचं होतंत.

मावशी : लिहिलं होतं. सामानाच्या यादीमागे, चार ओळी. यांच्या हातात द्यायला गेले आणि वाटलं, हे वाचतील, मग काहीतरी विचारतील, मग मी परत ओरडणार. फाडून टाकली. यादीसुद्धा गेली. साखर आणायची राहिली त्या दिवशी.

कानवाली : मुलाला तरी?

मावशी : मुलगा लांब आहे. त्याला कळवलंय, गुरुवारी येतो म्हणाला. तो येऊन बापाच्या कानात ओरडेल, त्याआधी मी सांगायला हवं ना? काय झालंय माहितीये का, वर्षभर मी यांच्याशी ओरडून सांगता येईल तेवढंच बोलते. जेवायला या. बस आली. गॅस बंद करा. एवढंच उरलंय आमच्यात. बाकी सगळं पोटात.

कानवाली : भीती वाटते का?

मावशी : छे. वय झालं आता. भीती कसली. एकदा यांना कळलं की मी सुटले. हे किती राहिलं गं?

कानवाली : सत्तरवर आहे. मघाशीही सत्तरच होतं. हलत का नाही... अगं बाई.

मावशी : काय झालं?

कानवाली : प्लग. हा प्लग निघालाय. लोंबतोय नुसता.

मावशी : म्हणजे सगळं परत पहिल्यापासून?

कानवाली : तसं नाही. मुख्य आवाज भरलाय, तो जात नाही. पण जोडणी तुटली की मशीन आपोआप सुरू होतं.

मावशी : सुरू होतं म्हणजे?

कानवाली : म्हणजे... काका?

काका : हिनं पिशवी उचलली, तिचा बंद अडकला. तेव्हाच निघाला.

मावशी : अहो...

काका : मला दिसला. चौतीस वर्षं तेच बघत आलो. सैल काही दिसलं की तिथल्या तिथं बोंब मारायची. आजही मारणार होतो. तेवढ्यात कानात तुझा आवाज आला. हळू. तू अशी बोलतेस हे विसरलोच होतो. म्हटलं, दोन मिनिटं ऐकू दे.

मावशी : आणि सगळं ऐकलंत.

काका : सगळं.

कानवाली : चुकलं माझं, मावशी. ते स्क्रू मी... मी बाहेर थांबते.

काका : थांब, पोरी. बाहेर काय करणार आहेस? आधी आवळ ते.

कानवाली : आवळते.

काका : दोन्ही बाजूंनी सारखे. एकाच बाजूनं पिळू नकोस.

मावशी : रागावलात?

काका : हो.

मावशी : मला येत नव्हतं हो ओरडता.

काका : वीस दिवस माझ्यासमोर जेवलीस. मी मीठ कमी पडलं म्हणून कुरकुर करत होतो. आणि कपाटात ती दोन मशीनं पडलीत. म्हणे भांडी आपटतात. आपटू द्यायची होती भांडी. राग त्याचा आलाय. तुझा नाही.

मावशी : तुम्हीही हळू बोलताय.

काका : माझा आवाज मलाच ऐकू येतोय ना.

कानवाली : काका, उरलेलं भरायला परत लावू का? दहा मिनिटं मशीन मुकं होईल.

काका : आता नको. जरा वेळानं लाव. सांग.

मावशी : काय सांगू? ऐकलंत ना सगळं.

काका : ते तू कानवालीला सांगितलंस. आता मला सांग.

मावशी : इथं?

काका : इथंच. सावकाश.

मावशी : मला फार भीती वाटते हो.