सगुणाबाईचं तळ्यात-मळ्यात

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. चुकीच्या वाटेनं गेलेला माणूस परत फिरू शकतो. पण जो फाट्यावर नुसता उभाच राहतो, त्याचं काय करायचं?

पंडित अशा मनाला 'द्विधा' म्हणतात. द्वि म्हणजे दोन. द्विधा म्हणजे दोहोंकडे फाटलेलं. आणि पोरांनी त्याचा खेळच केला — तळ्यात-मळ्यात! रेघेच्या आत तळं, बाहेर मळा. हाक आली की उडी मारायची. अडखळला तो बाद! हसता काय? आज कीर्तनाला जाऊ की नको करत चपला दोनदा घालून दोनदा काढणारे इथं बसलेत. नावं घेऊ?

तर ढवळवाडीत सगुणाबाई नावाची सुईण होती. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तेव्हा थोरली जाऊ तानूबाई भरल्या घरात म्हणाली, "पांढऱ्या पायाची! माझा दीर गिळला हिनं." सगुणा भांडली नाही. "या दारात पुन्हा यायची नाही," म्हणाली नि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहिली.

एके दुपारी तानूबाईचा लेक शिवराम धापा टाकत आला. "काकी, माझी बायको गोदा अडलीय! सकाळपासून कळा येतात, सुटका होत नाही. चल!"

"आईनं पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

सगुणाबाईनं गाठोडं उचललं. उंबऱ्याशी आली — थांबली. मागं फिरली, गाठोडं ठेवलं. एक मन म्हणे, जा, त्या पोरीचा काय दोष? दुसरं म्हणे, शब्द दिलायस! पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मंडळी, दोन्ही मनं खरंच बोलत होती बरं! एक खोटं असतं, तर कोडं कसलं?

शेवटी शिवराम म्हणाला, "काकी, यायचं नसेल तर तसं सांग. गाडी जुंपतो, तालुक्याला नेतो. पण काहीतरी सांग गं!"

तेव्हा सगुणाबाईला उमगलं. माझा नकारसुद्धा याच्या कामी आला असता. माझं घुटमळणं कुणाच्याच कामाचं नाही! गाठोडं काखेत मारलं नि निघाली.

मूल आडवं होतं. दोन घटका झगडली. बाळ आलं — निळं, निपचित! तोंड पुसलं, पाठ चोळली, चोळतच राहिली. आणि मग... ट्यँहा!

ओसरीवर तानूबाई खाली मान घालून म्हणाली, "माझ्या दारात यायला जड गेलं असेल."

"तुमचं दार नाही हो, आक्का. माझाच उंबरा जड गेला. तेवढा वेळ ती पोर फुकट तळमळली."

तानूबाईनं तिचा हात धरला.

आता तुमचं बोला. कुणाला 'हो' म्हणायचं राहिलंय? कुणाला 'नाही'? चुकलेल्याला देव पोटाशी घेतो हो, पण तुम्ही इकडं की तिकडं, ते तर त्याला कळू द्या! कुणीतरी तुमच्या एका शब्दासाठी ताटकळत उभं आहे. उठा, सांगून या. आरती थांबेल.