ब्रदर टटल उतरणार कुणाकडे?

"हॅलो? … कोण? … अगं डॉरिन, तू होय! … नाही गं, कामात कसली. निवांत बसले होते."

निवांत बसायला त्या ट्रेलरमध्ये, गाडीमागे ओढत न्यायच्या त्या चाकांवरच्या घरात, जागा उरली असती, तर आर्डिथ खरोखरच बसली असती. बाकं निघाली होती, पलंग निघाला होता, चूल निघाली होती, पायाखालची जमीनसुद्धा निघाली होती. खालच्या सांगाड्याच्या दोन लोखंडी पट्ट्यांवर दोन पाय रोवून ती उभी होती, आणि मधल्या मोकळ्या जागेतून अंगणातलं गवत वर डोकावत होतं. तिच्या मागे तिचा नवरा व्हर्जिल उलट्या बादलीवर चढला होता आणि दोन्ही हात वर करून ट्रेलरचं छत तोलून धरत होता.

"कसला आवाज? … हां, तो होय. ते कण्हले जरा. … नाही नाही, तब्येत उत्तम आहे. हात वर करायचा व्यायाम चाललाय. डॉक्टरांनी सांगितलाय."

व्हर्जिलने काही बोलायला तोंड उघडलं. आर्डिथने डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

"ट्रेलर ना? … झाला की! … हो, सगळा. … अगं सगळा म्हणजे सगळा, आतून नवाकोरा. पडदे तेवढे राहिलेत, पण पडद्यांचं काय, एका दुपारचं काम. … फोटो? नाही बाई, फोटो नाही काढले. मला नाही ते जमत. स्क्रू पिळला की फोटो, फडकं मारलं की फोटो. … रागावून कशाला म्हणेन? कौतुकानं म्हणते. सिस्टर हेझेल चर्चच्या पायरीवर उभी राहून एकेकीला तुझे फोटो दाखवत होती. मला तर दोनदा दाखवले."

दोनदा दाखवले होते, आणि दोन्ही वेळा आर्डिथने "सुरेख हो" म्हणताना दातावर दात दाबले होते.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात दर ऑगस्टला नदीकाठी सभा भरते. घराघरातले लोक आपापले ट्रेलर ओढत नेतात, ओकच्या झाडांखाली ठरलेल्या जागी लावतात, आणि आठवडाभर रोज दोन वेळा देवाचं नाव ऐकतात. प्रवचनाला येणारा पाहुणा कुणाच्या तरी ट्रेलरमध्ये उतरतो. ब्रदर टटल पहिल्यापासून आर्डिथच्या सासूबाईंकडे उतरायचे. सासूबाई प्रभूकडे गेल्या, ट्रेलर थोरल्या सुनेकडे आला, आणि ट्रेलरबरोबर ब्रदर टटलही आले.

ब्रदर टटल प्रवचन सांगत नसत, गात असत. साध्या बोलण्यानं सुरुवात व्हायची. मग एखादा शब्द किंचित लांबायचा, त्याला सूर चिकटायचा, आणि बघता बघता अख्खा मांडव त्या सुराला टेकून डोलायला लागायचा. माणसं रडायची, हसायची, उभी राहून आमेन म्हणायची. पण ती चाल कुठे जन्मते, हे एकट्या आर्डिथला ठाऊक होतं. सकाळी ट्रेलरमधल्या घडीच्या टेबलाशी, कॉफीचा पेला हातात धरून, ब्रदर टटल ती गुणगुणत. एक ओळ धरत, सोडत, पुन्हा दुसऱ्या अंगानं घेत. चुलीकडे तोंड करून उभ्या असलेल्या आर्डिथच्या हातातलं उलथणं तव्यावर तसंच थांबायचं. संध्याकाळी सगळ्या सभेला जे भरल्या ताटानं वाढलं जायचं, त्याचा पहिला घास ती सकाळीच खाऊन बसलेली असायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी दुसरी श्रीमंती तिच्याकडे नव्हती.

गेल्या वर्षी चाकाजवळच्या कुजलेल्या जमिनीतून ब्रदर टटलांचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. ते हसले. सभेचं मंडळ हसलं नाही. आणि या वसंतात डॉरिननं, तिच्या धाकट्या जावेनं, म्हणजे दीर लॉइडच्या बायकोनं, कुणाच्या तरी कोंबड्यांच्या आवारातून तसलाच एक जुना ट्रेलर उचलून आणला, आतून पार सोलला आणि नव्यानं बांधून काढला. मंडळानं ठरवलं, यंदा ब्रदर टटल डॉरिनकडे. त्या दिवसापासून आर्डिथच्या पोटात जे दुखत होतं, त्यावर औषधाच्या दुकानात काही मिळत नव्हतं.

"ओटा? … केलाय ना ओटा. … लाकडीच. … मेपलचा. … हो, तुझा पाइनचा आहे, माहितीये मला. पाइनही वाईट नसतं गं. मऊ असतं, पण वाईट नसतं. … कपाटं? … तुझ्यापेक्षा एखादं जास्तच भरेल. … रंग ना? … अं… मलईसारखा. … तुझाही मलईसारखाच? … मग माझा थोडा पिवळसर आहे."

वर काहीतरी कर्रर्र वाजलं. आर्डिथने फोन एप्रनमध्ये दाबला.

"अहो, धरा ना नीट! … खांद्यावर घ्या, खांद्यावर! … हॅलो? हां, बोल गं. … ते होय, दार वाजलं. नवीन बिजागऱ्या आहेत ना, अजून रुळल्या नाहीत."

दार वाजणं शक्यच नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून दार चौकटीत बसत नव्हतं. भिंती दोन्हीकडे फाकल्या होत्या, आणि छताला गाभण गाईसारखं पोट सुटलं होतं.

"तू कुठून बोलतेस? … नदीवरून? इतक्या लवकर गेलात? … काय? … कोण आलं? … ब्रदर टटल? … काल? काल आले आणि मला आज सांगतेस? … अगं पण ते नेहमी सभेच्या आदल्या दिवशी येतात! … गुडघे दुखतात म्हणून सावकाश आले. बरं. … जेवले काय? … मक्याचा पाव दिलास. ताकात चुरून दिलास ना? … मग कसा दिलास? … लोण्याबरोबर. … नाही, चालेल की. खातील ते. कुणाला नाही म्हणायचा स्वभाव नाही त्यांचा."

तिचा आवाज साखरेत घोळलेला होता. हातात मात्र तिनं भिंतीच्या सांगाड्याची एक कुजकी पट्टी धरली होती, तिचा भुगा होऊन बोटांतून खाली गवतावर पडत होता.

"आणि आज सकाळी? … टेबलाशी बसले. … हो. … कॉफी घेतली. … हो. … गुणगुणत होते. … हो, मला माहितीये, डॉरिन. … बोटानं टेबलावर ताल धरतात, तेही माहितीये. … मग? … झोपमोड? … कुणाची, तुझी? … तू त्यांना काय म्हणालीस? … पुन्हा सांग. … 'जरा हळू'? … ब्रदर टटलना? 'जरा हळू' म्हणालीस तू?"

आर्डिथला वाटलं, छत आत्ताच कोसळलं तर बरं. ज्या टेबलापायी आपण सगळं मोडून बसलो, ते टेबल जिला मिळालं ती उशीखाली डोकं घालून झोपू पाहते!

"मी कसं सहन करायचे म्हणजे? … सवय होते गं. … नाही, त्रास नाही व्हायचा मला. … अजिबात नाही. … काय म्हणालीस? … माझ्याकडे? … माझ्याकडे म्हणजे माझ्या ट्रेलरमध्ये? … आज? … नाही नाही, आनंदच आहे! आनंदच आहे मला. पण मंडळानं ठरवलंय ना तुझ्याकडे, आपण कोण बदलणारे? … मंडळाच्या सिस्टर हेझेलला विचारलंस. … 'आर्डिथचा तयार असेल तर हरकत नाही' म्हणाली. … हो, तयार आहे, मघाशी म्हणाले खरं मी. … पण रंगाचा वास आहे गं अजून. … खिडक्या उघडायच्या. बरोबर. … आणि पडदे नाहीत. देवाच्या माणसाला बिनपडद्याच्या जागेत कसं झोपवायचं? … तुझ्याकडे जादा आहेत. … असणारच तुझ्याकडे."

व्हर्जिल बादलीवरून मानेनं नाही, नाही करत होता. मान तेवढीच त्याची मोकळी होती.

"उद्या बघू का? … का गं, आजच का? … सांगितलंस त्यांना? … काय म्हणाले? … खरं सांग. … अगं पण असं म्हणाले का ते? … 'आर्डिथच्या चुलीपाशी प्रवचन आपोआप शिजतं'? … हेच शब्द?"

ब्रदर टटलना कळत होतं तर. पाठ फिरवून उभी असलेली बाई भाकरी भाजत नाही, ऐकते आहे, हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं!

"आं? … आहे, आहे मी. … आता कुठे आहेत ते? … आमच्या जागेवर? तिथे काय करतायत, तिथे तर नुसतं गवत आहे! … बॅग घेऊन गेले. … बॅगेवर बसलेत? … ओकखाली, बॅगेवर बसून आमच्या ट्रेलरची वाट बघतायत? … डॉरिन, त्या म्हाताऱ्या माणसाला उठव आधी! … नाही, आम्ही निघालो नाही. … डॉरिन. … ऐक ना. … अगं ऐक तर!"

तिनं डोळे मिटले. प्रार्थनेला मिटावेत तसे.

"ट्रेलर येणार नाही. … आज नाही, उद्याही नाही. या सभेला नाहीच. … झाला नाहीये. … काहीच झालं नाहीये गं. … मेपलचा ओटा नाही. पाइनचाही नाही. जमीनच नाही, तर ओटा कशावर ठेवू? … मी उभी आहे ते लोखंडावर. आणि ते व्यायाम नाही करत, छत धरून उभेत सकाळपासून. … कसं म्हणजे? काल पहार घेतली आणि दुपारच्या जेवणाआधी सगळं उपटून बाहेर टाकलं. तुझ्या फोटोत नव्हता का रिकामा सांगाडा? तस्सा. … कसल्या आडव्या फळ्या? … या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत? … कपाटं काढायच्या आधी ठोकायच्या? … म्हणजे भिंती कपाटांना धरत नाहीत, कपाटं भिंतींना धरतात? … हे तू मला आत्ता सांगतेस? फोटोत नव्हत्या त्या फळ्या! … काढून ठेवल्या होत्यास? का? … फोटोत बऱ्या दिसत नव्हत्या म्हणून?"

व्हर्जिलला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर छतही हललं.

"हसू नकोस गं. … इथं हे पण हसतायत. … मला नाही येत हसू. … का मोडला? तू केलास म्हणून. … दुसरं काय कारण असणार? … हो. जळले. चांगली धगधगून जळले. सासूबाईंनी मला ट्रेलर दिला तो काही पत्र्यासाठी नाही दिला, डॉरिन. … ते तुझ्याकडे उतरणार म्हटल्यावर घास गेला नाही मला. तुला नवीन ओटा मिळाला, नवीन कपाटं मिळाली, मिळू देत. पण ती सकाळ पण तुलाच? आणि तुला ती नको! … रडत नाहीये. भुसा गेलाय डोळ्यात."

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं जात होतं. आर्डिथ एप्रननं नाक पुसत ऐकत होती.

"तुझ्याकडे? … खिडकीखालच्या बाकावर? … आणि सकाळी मी उठायचं, तू पलीकडे लॉइडभावजींच्या गाडीत झोपायचं. … रोज? सभा संपेपर्यंत? … कानात बोळे घालून झोपशील. बरं. … चूल माझ्या ताब्यात? … तवा मी माझा आणणार. … तुझा चांगला असेल गं, पण माझा आणणार. … आणि भावजींना त्या आडव्या फळ्या घेऊन इकडे पाठव. लगेच. … हो, शेजारचा अर्ल येतोय म्हणाला खांब घेऊन, पण अर्लचं 'येतोय' तुला माहितीये. … डॉरिन? … नाही, काही नाही. … बरी आहेस तू. … बरी आहेस म्हटलं ना, किती वेळा वदवून घेशील!"

ती लोखंडी पट्ट्यांवरून पाय काढून उंबऱ्यावर आली.

"जा आता, आधी ब्रदरना उठव. … का, काय करतायत? … गुणगुणतायत? बॅगेवर बसून? … काय शब्द आहेत? … नीट ऐक ना! … जवळ जा. … आणखी जवळ. फोन पुढे धर. … बोलू नकोस."

आणि मघापासून अखंड बोलणारी आर्डिथ गप्प झाली. उन्हात पत्रा टकटकत होता. ती फोन कानाशी असा धरून उभी होती, जणू तो भरलेला पेला आहे आणि सांडेल.

"'घर अजून आलं नाही…'" ती हळूच म्हणाली. "ऐकलंस, डॉरिन? 'घर अजून आलं नाही, मी बसलो माझ्या ओझ्यावर…' … बॅगेवर बसून बांधलं त्यांनी ते! … थांब, आता वर नेतील. … 'येणाऱ्यानं यावं…' बघ, नेलं! … अगं बाई. … काय म्हणालीस? … गोड आहे? … अंगावर काटा आला? … तुझ्या? … पुन्हा म्हणायला सांगतेस त्यांना? ए, नाही! … डॉरिन, मागे हो. मागे हो तिथून! … आत जा, कानात बोळे घाल, तूच म्हणालीस ना मघाशी! … मी येईपर्यंत एक ओळ ऐकायची नाहीस तू! … निघाले म्हणजे काय, गाडीची किल्ली हातात आहे माझ्या. … हे? हे कुठं जातायत, छत धरलंय त्यांनी! … ठेवते!"